दोन दिवसांचा आराम आणि पुढचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने उभे राहावे, वर्षभराचा जमाखर्च मांडावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, असा आपला आजवरचा रिवाज आहे. जमाखर्चाची पत्रके या अहवालात यथास्थित छापलेली आहेत व लेखापरीक्षकांचा अभिप्रायही सोबत आहे. म्हणून माझ्या वाट्याची काही मिनिटे आज मी एका अगदी लहान वस्तूसाठी मागून घेतली आहेत. ती वस्तू म्हणजे त्वचेवर लावायच्या मलमाची ट्यूब. बुरशीनाशक औषध आणि स्टिरॉइड ही दोन्ही जिच्यात एकत्र असतात, अशी ट्यूब.

मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे औषधांविषयी आज मी जे काही सांगणार आहे, ते आपल्या त्वचारोग विभागातील डॉक्टरांना दाखवून घेतलेले आहे. कोणत्या रुग्णाला कोणते मलम द्यावे हे ठरवणे त्यांचे काम. त्या मलमाचा खर्च शेवटी कोणाच्या खाती पडतो हे पाहणे माझे काम. आणि हा विषय मला त्याच वाटेने भेटला.

प्रथम आपल्या परिसराविषयी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यात वसलेली आहेत. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे कपडे धड वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, पादत्राणे दिवसभर ओली राहतात. २६ जुलै २००५ चा पूर आपण सर्वांनी अनुभवला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेही आपणांस स्मरत असेल. असे प्रसंग क्वचित येतात, परंतु ओल मात्र दरवर्षी येते. बदलापूर स्थानक मुंबईपासून ६८ किलोमीटर अंतरावर आहे. तेथून रोज गर्दीच्या लोकलने जाणारा चाकरमानी घामाने भिजलेल्या कपड्यांत दिवसाचे दहा-बारा तास काढतो. उल्हासनगरात शिवणयंत्रावर बसून जीन्स शिवणारा कारागीर, औद्योगिक वसाहतीत रबरी बूट घालून पाळी करणारा कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, या सर्वांची त्वचा दिवसाचा बराचसा काळ ओली असते.

ओल्या त्वचेवर बुरशी वाढते. पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. जांघेत, काखेत, स्थूल व्यक्तींच्या पोटाच्या वळीखाली, स्त्रियांच्या स्तनांखाली, भांडी घासणाऱ्या भगिनींच्या हाताच्या बोटांमध्ये आणि नखांच्या कडांना, तसेच तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागी लालसर, ओलसर, खाजणारे व आग होणारे चट्टे उठतात. यांपैकी अनेक चट्ट्यांच्या मुळाशी कँडिडा नावाची बुरशी असते. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या प्रकारातील ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि जननमार्गातही थोड्या प्रमाणात वास करून असते व एरवी कोणताही उपद्रव देत नाही. ओल, घर्षण, मधुमेह, गरोदरपण, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर किंवा प्रतिकारशक्तीची कमतरता यांपैकी एखादे निमित्त मिळाले की ती डोके वर काढते.

गजकर्ण किंवा नायटा हा याहून निराळा विकार होय. तो दुसऱ्या जातीच्या बुरशीमुळे होतो आणि त्याचा चट्टा बहुधा गोल, कडेने उठावदार व मधून निवळत जाणारा असतो. कँडिडाचा चट्टा वळीच्या खोल भागात लालभडक व ओला असतो आणि त्याच्या कडेबाहेर बारीक पुळ्या विखुरलेल्या दिसतात. एका बुरशीवर चालणारे औषध दुसरीवर तितकेच चालेल असे नसते. गजकर्णावर दिले जाणारे टर्बिनाफिनचे मलम कँडिडावर तितके गुणकारी नाही. शिवाय घामोळे, इसब, साबणाची ॲलर्जी आणि सोरायसिस हेही विकार त्याच जागी, जवळजवळ तशाच रूपात प्रकटतात. पाहणाऱ्याला सगळे एकच दिसते. सगळ्यांना खाज सुटते.

आता ट्यूबकडे वळू. हिच्यात पहिले औषध असते बुरशीनाशक. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल ही त्यांतील परिचित नावे. या शास्त्रात आपल्या महाराष्ट्राचाही मानाचा वाटा आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ महिलांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीनाशक शोधून काढले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात, तेथल्याच मातीतील जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक तयार झाले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आजही आहे.

दुसरे औषध म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइड हे काही विष नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कॉर्टिझोनच्या कार्याबद्दल केंडल, राईशस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोनचे मलम त्वचाविकारांवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध झाले आणि इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांनी गांजलेल्या असंख्य रुग्णांना दिलासा मिळाला. पुढे बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही कित्येक पटींनी तीव्र औषधे आली. यांतील क्लोबेटासोल इतके तीव्र आहे की ते सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आणि आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद असते.

आपल्या देशात पुष्कळदा या दोहोंच्या जोडीला निओमायसिन किंवा जेन्टामायसिन यांसारखे एखादे प्रतिजैविकही त्याच ट्यूबमध्ये घातलेले आढळते. तर्क असा की बुरशी असो, जंतू असोत वा ॲलर्जी असो, एका ट्यूबमध्ये सर्वांचा बंदोबस्त व्हावा. ऐकताना हा तर्क सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात रुग्णाला ज्या एका औषधाची गरज असते त्यासोबत गरज नसलेली दोन औषधे त्याच्या त्वचेवर जातात, आणि निओमायसिनची तर अनेकांना स्वतंत्रपणे ॲलर्जी येते.

हे मलम लावल्यावर काय घडते, ते क्रमाने पाहू. स्टिरॉइडमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली ओसरते, सूज उतरते आणि खाज थांबते. हे सर्व एक-दोन दिवसांत घडते. रुग्णाची अशी समजूत होते की औषध लागू पडले, रोग गेला. परंतु बुरशी मरायला वेळ लागतो. कँडिडाच्या साध्या संसर्गातही बुरशीनाशक मलम साधारणपणे दोन ते चार आठवडे नियमित लावावे लागते. खाज थांबली की आपण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्यूबचे झाकण लावून ती फळीवर ठेवतो. दरम्यान स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीही मंद केलेली असते. लाली, सूज आणि खाज ही त्रासदायक खरी. पण शरीर बुरशीशी झगडत असल्याची ती खूण असते. ती खूण पुसली जाते आणि बुरशी मात्र अर्धवट मेलेल्या अवस्थेत मागे राहते. आठवड्याभरात चट्टा पुन्हा उठतो, बहुधा पूर्वीपेक्षा मोठा. रुग्ण पुन्हा तीच ट्यूब लावतो, पुन्हा दोन दिवस आराम पडतो. असे करता करता महिने लोटतात.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर हा आराम उधारीचा असतो. उधारी वाईट नसते. ती वेळेत आणि मर्यादेत फेडली तर व्यवहार सुरळीत चालतो. परंतु व्याज किती आणि मुदत किती हे न विचारता घेतलेल्या उधारीचे काय होते, हे येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना मी सांगण्याची गरज नाही.

हे व्याज त्वचा भरते. स्टिरॉइड सर्व जागी सारख्या प्रमाणात शोषले जात नाही. फेल्डमन आणि मायबाख या दोन संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोनचे मोजमाप केले. हाताच्या कोपराखालील त्वचेतून जेवढे औषध शरीरात जाते, त्याच्या साडेतीन पटींहून अधिक काखेतून, सुमारे सहा पट कपाळावरून आणि सुमारे बेचाळीस पट अंडकोषाच्या त्वचेतून जाते, असे त्यांना आढळले. कँडिडाचे चट्टे नेमके काख, जांघ अशा झाकलेल्या, पातळ, ओलसर जागीच उठतात. म्हणजे तीव्र स्टिरॉइड जिथे सर्वांत जपून वापरायचे, तिथेच ते सर्वांत सढळ हाताने चोळले जाते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, तिच्यातून लाल शिरांचे जाळे दिसू लागते, जांघेत आणि मांडीवर रुंद चिरांसारखे पट्टे पडतात. बाळंतपणानंतर पोटावर राहतात तसे हे पट्टे पुढे फिके झाले तरी जन्मभर जात नाहीत. विशीतील मुलांच्या जांघेत असे पट्टे त्वचारोगतज्ज्ञांना पाहावे लागतात. त्या मुलांनी दुसरे काही केलेले नसते. खाजेवर एक मलम लावलेले असते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. लंगोटाच्या जागी लाली आली की घरातील मोठ्यांसाठी आणलेली ट्यूब बाळाला लावली जाते. वर घट्ट लंगोट किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेला डायपर असतो. झाकलेल्या त्वचेतून औषध आणखी जास्त शोषले जाते. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते. तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावल्यास ते रक्तात जाऊन बाळाच्या शरीरात स्वतःची संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींचे काम मंदावू शकते, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो आणि वाढ खुंटू शकते. पाहुणे मंडळी बाळ गुटगुटीत झाले म्हणून कौतुक करतात, आणि त्या गुटगुटीतपणामागे कधी कधी हे कारण असू शकते. अमेरिकेत क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोन यांच्या संयुक्त मलमाच्या माहितीपत्रकात स्पष्ट नमूद आहे की ते सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि लंगोटाच्या पुरळासाठी तर मुळीच नाही. आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्या मलमाला तेथे जी मंजुरी आहे, ती गजकर्णाच्या जातीच्या, सुजलेल्या व खाजणाऱ्या विकारांपुरती आहे. कँडिडाचा त्या यादीत समावेश नाही.

मग संयुक्त मलमाला काहीच स्थान नाही का? आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. एखाद्या रुग्णाची जांघ किंवा स्तनाखालची त्वचा इतकी सुजलेली, चिरलेली आणि आग होणारी असते की तो रात्रभर झोपू शकत नाही. अशा वेळी निदान पक्के करून डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिझोन आणि बुरशीनाशक यांचे एकत्र मलम मोजक्या दिवसांसाठी देतात, बहुधा आठवड्याच्या आत थांबवतात आणि पुढचे आठवडे निव्वळ बुरशीनाशक चालू ठेवतात. ब्रिटनमध्ये क्लोट्रिमाझोल व सौम्य हायड्रोकॉर्टिझोन यांचे मलम औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मिळते. तेथेही त्याची कमाल मुदत सात दिवसांची आहे आणि दहा वर्षांखालील मुलांना ते द्यायचे नाही. सौम्य स्टिरॉइड, ठरलेली मुदत आणि कोणाची तरी देखरेख, या तीन गोष्टी एकत्र असतील तर हे मलम उपयोगाचे आहे. तीव्र स्टिरॉइड, अनिश्चित मुदत आणि स्वतःच्या हाताने केलेला उपचार, असे झाले की तेच मलम घातक ठरते.

आपल्या देशात दुसऱ्या प्रकारचा वापर किती फोफावला होता, याचा एक पुरावा आपल्यासमोर ठेवतो. देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के, स्टिरॉइडयुक्त मलमे चेहऱ्याला लावीत होते. त्यांपैकी ३९२ जणांना त्या मलमांचे दुष्परिणाम झालेले होते. हा अभ्यास चेहऱ्यापुरता होता. जांघेची तक्रार तर माणूस संकोचाने डॉक्टरांनाही सांगत नाही; मग दुकानात हळू आवाजात मलम मागून तो प्रश्न परस्पर मिटवू पाहतो.

शासनाने याची दखल घेतली. १० मार्च २०१६ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३४४ ठरावीक मिश्र औषधांवर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशानुसार तज्ज्ञ मंडळाने पुन्हा छाननी केली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर नव्याने बंदी आली. त्या यादीत स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली अनेक त्वचेची मलमे होती. त्यापूर्वी, मार्च २०१८ मध्ये, त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडे औषध नियमांच्या अनुसूची 'एच' मध्ये स्पष्टपणे समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेष्टणाच्या डाव्या कोपऱ्यात आरएक्स ही खूण असते, ती याचीच सूचना होय. बंदीच्या यादीत नसलेली अनेक संयुक्त मलमे मात्र बाजारात आहेत. कायदा दाराशी उभा आहे, परंतु घरात कपाटात ठेवलेल्या जुन्या ट्यूबपर्यंत, शेजारणीने दिलेल्या सल्ल्यापर्यंत आणि चिठ्ठी न पाहता दिल्या जाणाऱ्या मलमापर्यंत तो पोहोचू शकत नाही. तेथवर आपणच पोहोचले पाहिजे.

या अनिर्बंध वापराची झळ एका रुग्णापुरती राहत नाही. कँडिडाच्या शेजारचाच विषय असलेल्या गजकर्णाचे उदाहरण पाहा. गेल्या काही वर्षांत भारतात जुनाट, अंगभर पसरणारे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. त्याला कारण असलेल्या बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जे नाव दिले, त्यात आपल्या देशाचा उल्लेख आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिनला जुमानत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे रुग्ण आढळल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. अशा गजकर्णाचा फैलाव वाढण्यामागे स्टिरॉइडमिश्रित मलमांचा मनमानी वापर हे एक महत्त्वाचे कारण असावे, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. गल्लीतील दुकानातून घेतलेल्या ट्यूबचा हिशेब असा सातासमुद्रापार जातो.

आता माझ्या खात्याकडे येतो. साधे क्लोट्रिमाझोल मलम आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहे आणि जनऔषधी केंद्रांतही अल्प दरात मिळते. बुरशीनाशक व स्टिरॉइड यांच्या मिश्र मलमाला त्या आवश्यक सूचीत स्थान नाही. डॉक्टर मलमाचे माप बोटाच्या पेरावर सांगतात: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. चट्टा तेवढा असेल आणि मलम दिवसातून दोनदा लावले, तर दिवसाला एक ग्रॅम लागतो. पंधरा ग्रॅमची एक साधी ट्यूब दोन आठवडे पुरून एक ग्रॅम उरतो. उपचार चार आठवड्यांचा झाला तरी दोन ट्यूब पुरे. हा खर्च येथे संपतो.

संयुक्त मलमाचा खर्च संपत नाही. दर पंधरवड्याला एक ट्यूब, अशी वर्षभर. त्यानंतर पसरलेल्या संसर्गासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या, तपासण्या, रोजगार बुडवून केलेल्या फेऱ्या. पातळ झालेल्या त्वचेची किंमत तर कोणत्याच खतावणीत लिहिता येत नाही. विक्रीच्या दृष्टीने पाहिल्यास पुन्हा पुन्हा खपणारी ट्यूब औषध दुकानासाठी लाभाची असते, आणि आपल्या रुग्णालयातही औषध दुकान आहे. म्हणूनच हे मी विश्वस्त मंडळासमोर जाहीरपणे मांडीत आहे. आपल्या दुकानातून स्टिरॉइड असलेले कोणतेही मलम ताज्या चिठ्ठीशिवाय दिले जाऊ नये, चिठ्ठीवर किती दिवस लावायचे याचा उल्लेख असावा आणि जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा देऊ नये. यामुळे त्या काउंटरवरील विक्रीत काही घट येईल, ती आपण आनंदाने सोसावी. धर्मादाय संस्थेच्या ताळेबंदात काही जागा कोऱ्या राहिल्या तरी त्या शोभून दिसतात.

देणगीदारांना माझी एक विनंती आहे. मोठे यंत्र, नवा कक्ष, कोनशिला यांसाठी आपण उदार हस्ते देता आणि संस्था त्याबद्दल सदैव ऋणी आहे. त्याच्या जोडीला लहान गोष्टींकडेही आपली दृष्टी वळावी. त्वचेवरचा कोंडा हलकेच खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे किंवा नाही आणि असल्यास कोणत्या जातीची, याचा अंदाज थोड्या वेळात घेता येतो. यास सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, एक स्वस्त द्रावण आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढेच लागते. निर्धन रुग्णांना साधे बुरशीनाशक मलम पूर्ण मुदतीचे, एकदम दोन ट्यूब असे मोफत देता आले, तर पैशाअभावी उपचार मध्येच सोडण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. आपली देणगी अशा कामी लागली तर तिच्यावर नावाची पाटी लावता येणार नाही, पण एखाद्या बाळाची त्वचा शाबूत राहील.

रुग्णांच्या नातेवाइकांना चार गोष्टी सांगून मी आपली रजा घेतो.

पहिली गोष्ट, ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. त्यांत बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा हायड्रोकॉर्टिझोन यांपैकी एखादे नाव दिसले तर त्यात स्टिरॉइड आहे, असे समजावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते लावू नये. एकाला दिलेली ट्यूब दुसऱ्याला देऊ नये, आणि बाळाला तर कदापि लावू नये.

दुसरी, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पाळावी. स्टिरॉइड थांबवायला सांगितले त्या दिवशी थांबवावे; बुरशीनाशक मात्र खाज थांबली तरी सांगितलेल्या दिवसापर्यंत लावावे. आपण बरेच महिने संयुक्त मलम लावीत असाल तर ते मनाने अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. अकस्मात बंद केल्याने कधी कधी विकार उसळतो, आणि रुग्ण घाबरून पुन्हा तीच ट्यूब हाती घेतो.

तिसरी, ओल हटवावी. आंघोळीनंतर जांघ, काख, बोटांच्या बेचक्या स्वच्छ पंचाने टिपून कोरड्या कराव्यात. प्रत्येकाचा पंचा निराळा असावा. सैल सुती कपडे वापरावेत, अंतर्वस्त्रे रोज बदलावीत आणि पावसाळ्यात ती दमट राहिली तर इस्त्री फिरवूनच घालावीत. घट्ट जीन्स दिवसभर अंगावर ठेवू नये. हे उल्हासनगरात सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. बाळाचा लंगोट ओला होताच बदलावा आणि दिवसातून काही वेळ त्या जागेला मोकळी हवा लागू द्यावी. पाण्यात काम करणाऱ्या भगिनींनी काम संपताच बोटांच्या बेचक्या पुसाव्यात.

चौथी, असा चट्टा वारंवार उठत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. पुनःपुन्हा होणारा कँडिडाचा संसर्ग ही कधी कधी मधुमेहाची पहिली चाहूल असते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनसारखी काही नवी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांच्या जागी अशी बुरशी वाढू शकते. असे झाल्यास मधुमेहाचे औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आणि सांगण्यात संकोच बाळगू नये. जांघेतील खाज हा चारित्र्याचा प्रश्न नाही. तो घामाचा आणि ओलीचा प्रश्न आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात स्त्रियांची तपासणी पडद्याआड आणि परिचारिकेच्या उपस्थितीतच होते, हे आपल्या घरी अवश्य सांगावे.

बंधुभगिनींनो, रुग्णालयाचे काम रोगी बरा करणे हे आहेच. परंतु जो विकार दोन साध्या ट्यूबनी बरा होतो तो वर्षभर रेंगाळू न देणे, हेही तितकेच मोलाचे काम आहे. त्यात आपणा सर्वांचे सहकार्य अपेक्षित आहे. डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानातील आमचे सहकारी आणि सर्व देणगीदार यांनी वर्षभर संस्थेस जे साहाय्य केले, त्याबद्दल विश्वस्त मंडळाच्या वतीने मी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो. जमाखर्चाच्या पत्रकांविषयी आपल्या काही सूचना असल्यास त्या सभेच्या शेवटी अवश्य मांडाव्यात.